आबांना विचारून सांगतो

आधीच सांगतो, त्या व्यापाऱ्यावर माझा राग नाही. 2017 च्या मे महिन्यात तो आमच्या केळीच्या बागेत आला, तेव्हा माझे वडील, आबा, धुळ्याला ताईकडे गेले होते. मी भाव सांगितला. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझ्यासमोरच आबांना फोन लावला.

आमचं गाव रावेर तालुक्यातलं. एकत्र कुटुंब, मी एकुलता एक मुलगा, जमीन आबांच्या नावावर. टिश्यूची रोपं आणण्यापासून घड उतरेपर्यंत शेत माझ्याकडे, पैसा आबांकडे. इकडे घरोघरी असंच असतं.

रावेर बाजार समितीचा त्या दिवशीचा भाव मी सकाळीच पाहिला होता, बऱ्हाणपूरचाही विचारून ठेवला होता. माल चांगला होता, करपा नव्हता. पण मे महिन्यात पक्क्या झालेल्या घडाला थांबवून ठेवता येत नाही. ऊन पंचेचाळीसवर जातं आणि एका वादळात उभा बाग आडवा होतो. व्यापाऱ्यालाही ते माहीत असतं. तरी मी क्विंटलमागे दीडशे रुपये जास्त धरून बसलो होतो आणि ते मिळाले असते, अशी माझी आजही खात्री आहे. फोन स्पीकरवर होता. व्यापारी म्हणाला, "आबा, भाऊ जास्त सांगतात." आबा म्हणाले, "त्याले काय इचारतो, पोरगं हाय ते." आणि क्विंटलमागे दीडशे रुपये सोडून दिले. एका ट्रकमागे वीस हजारांच्या वर गेले.

पैसे जातात, परत येतात. पण कापणीचे मजूर तिथे उभे होते. माझा मुलगा उभा होता, बारावीला गेलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आल्यानंतर 1989 ची लोकसभा निवडणूक पहिलीच, तिच्यात मी एकोणिसाव्या वर्षी मत दिलं होतं. देशाचं सरकार निवडायला मी तेव्हाच लायक ठरलो होतो. आमच्या केळीचा भाव बोलायला सत्तेचाळिसाव्या वर्षीही लायक नव्हतो.

त्या रात्री भांडण झालं नाही. आबा परत आल्यावरही झालं नाही. मी फक्त एक वाक्य बंद केलं. कुणी काही विचारलं, की "आबांना विचारून सांगतो" हे माझं ठरलेलं उत्तर असायचं. त्याऐवजी "उद्या सांगतो" म्हणू लागलो. खताच्या दुकानात उधारी माझ्या नावाने लिहायला लावली. बायकोला दातासाठी जळगावला न्यायचं तरी आबांपुढे उभं राहावं लागे. म्हणून दुधाचा हिशेब मागून घेतला आणि त्याचं खातं आम्हा दोघांच्या नावाने उघडलं. सही करताना तिचा हात थरथरत होता. तिचीही पंचवीस वर्षं कुणाच्या तरी परवानगीत गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे पीएम-किसान योजना आली. 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन ज्याच्या नावावर, तो शेतकरी. वर्षाचे सहा हजार आबांच्या खात्यात जमा होतात. पहाटे पाण्याची पाळी सांभाळणारा मी कागदावर शेतकरी नाही. म्हणून ज्यांची मुलं तिशी ओलांडून गेली आहेत, त्या बापांना मी हात जोडून सांगतो, हयातीतच वाटणी करा. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे, सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीने होते.

पण मग आबांचं आठवतं. आजोबा 1987 ला गेले, तेव्हा वारसनोंद होऊन आबांचं नाव पहिल्यांदा सातबाऱ्यावर चढलं. आबा तेव्हा पन्नाशीला टेकले होते. त्यांनाही तोवर कुणी भाव विचारला नसणार. यंदा मी व्यापाऱ्याशी बोलत होतो, आबा खाटेवरून म्हणाले, "पन्नास कमी कर, माणूस जुना हाय." मी केले. मला राग यायला हवा होता. आला नाही. बरं वाटलं, आणि ते का वाटलं, ते अजून उमगलेलं नाही.

आता आबाच वाटणीला तयार झाले आहेत. हिस्सेदारांत ताईही आहे. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं. गावात सगळे म्हणतात, आधी तिच्याकडून हक्कसोड लिहून घे, बहिणी देतातच. मी तो कागद नेणार नाही. पुढच्या आठवड्यात धुळ्याला जातोय. दाजी कामावर गेल्यावर बोलणार आहे, नाहीतर तीही म्हणेल, "यांना विचारून सांगते." तिने हिस्सा मागितला, तर विहिरीकडचा तुकडा तिच्याकडे जाईल. तिथला बाग मी वाढवलाय, आणि तो सोडताना मला फार जड जाणार आहे.