हळू करण्याचं बटण

जुन्या ४८६ पीसीच्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ लिहिलेलं एक बटण असायचं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी. पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि सुरुवातीचे कितीतरी गेम तोच वेग गृहीत धरून लिहिलेले होते. ते वेगवान मशीनवर लावले की पडद्यावरची गाडी दिसायच्या आत भिंतीवर आपटलेली असायची. मग बटण दाबायचं. मशीन मंदावायचं आणि गेम माणसात यायचा. बटणाशेजारी दोन आकडे चमकत असत, ६६ नाहीतर ३३. ते आकडे वेग वगैरे काही मोजत नसत बरं का! असेंबल करणारा पोरगा आतल्या जंपरच्या पिना बदलून ते लावून द्यायचा. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या पोराच्या मनात आलं असतं तर तिथे ९९ दिसले असते आणि आम्ही ते आल्यागेल्याला कौतुकाने दाखवले असते.

सांगायचं ते हे, की मशीन हळू चालायचं ते आपल्या मर्जीने. आणि मर्जी नसताना हळू चाललं किंवा अडलंच, तर त्याचं कारण ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग नावाच्या दोन फायलींत सापडायचं. डॉसच्या प्रोग्रॅमना वापरायला मेमरी ६४० केबी. त्यात माऊसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, साऊंड कार्डाचं काहीबाही बसवलं की मोठा गेम ‘जागा नाही’ म्हणून पाठ फिरवायचा. मग फाईल उघडायची, नको त्या ओळीच्या आधी ‘रेम’ लिहायचं आणि पुन्हा सुरू करायचं. खटपटी लोक एकेका गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी ठेवत, वर बॉलपेनने नाव लिहून. कटकट होतीच, कोण नाही म्हणतो? पण मशीनमध्ये कोण येऊन बसलंय हे एका पानावर वाचता यायचं.

आभासी जगाचा चष्मा त्या काळातही होता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९९५च्या सुमारास फोर्टे नावाच्या कंपनीने व्हीएफएक्स१ आणला होता. पीसी उघडून आत आयसा स्लॉटमध्ये त्याचं कार्ड बसवायचं, डोक्यावर शिरस्त्राण चढवायचं आणि हातात ‘सायबरपक’ नावाची चकती धरायची. एका डोळ्याला २६३ गुणिले २३० ठिपके, म्हणजे आजच्या हिशेबात जवळपास आंधळेपणच. आम्ही तो फक्त मासिकांतल्या फोटोंत पाहिला. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडते. ज्या दिवशी तो डबा फोडला गेला, त्या दिवशी तो जसा होता तसाच तो राहिला. जुन्या मशीनचे हौशी लोक आजही त्यावर ‘डिसेंट’ खेळतात आणि त्याचा धूसरपणा तेव्हाइतकाच आहे. वाढलेला नाही.

मग मधली सतराएक वर्षं हा विषय थंडच होता. २०१२मध्ये ऑक्युलस नावाच्या कंपनीने अशाच चष्म्यासाठी किकस्टार्टरवर पैसे जमवले आणि मार्च २०१३पासून ३०० डॉलरचा डेव्हलपमेंट किट लोकांच्या घरी पोचायला लागला. माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात रम्य काळ तो. एका मित्राकडे तो आला तेव्हा आम्ही पाचसहा जण ओळीने बसून पाळी लावत होतो. टस्कनीतलं एक घर, त्याची बाल्कनी, अंगणात फुलपाखरं, बस्स, एवढाच डेमो. पण चाळिशीची माणसं हात पुढे करून नसलेला कठडा चाचपत होती.

विंडोजला तो चष्मा म्हणजे दुसरा मॉनिटर वाटायचा. त्यामुळे गेमची खिडकी ओढत ओढत चष्म्यात नेऊन सोडावी लागे, आणि कधीकधी माऊसचा बाण तिकडेच जाऊन हरवे. मग एकजण चष्म्यात एक डोळा घालून बाण शोधतोय आणि दुसरा ‘डावीकडे, अजून डावीकडे’ करतोय! सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या तेव्हाही यायच्या आणि मोडतोडही करायच्या. ऑगस्ट २०१५मधल्या ०.७ने तर जुन्या डेमोंचा मोठा ढीग एका फटक्यात निकामी केला. पण जुनी आवृत्ती डिस्कवर असायची. हा डेमो ०.४वर चालतो, तो ०.५ मागतो, असं पाठ असणारे लोक होते. एक काढायची, दुसरी टाकायची. बूट फ्लॉपीचाच वंश तो, फक्त बॉलपेन गेलं.

२०१६ साली ऑक्युलसचा रिफ्ट आणि त्याचा प्रतिस्पर्धी व्हाइव्ह हे चष्मे दुकानी माल झाले आणि गोष्ट पालटली. रिफ्टच्या खोक्यावर शिफारस होती जीटीएक्स ९७० कार्ड, आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमची. ते जमवायला त्या वेळी खिसा चांगलाच हलका व्हायचा. पण खरा बदल खोक्यावर लिहिलेला नव्हता. हेडसेटचं सॉफ्टवेअर आता विंडोजबरोबर आपोआप सुरू होऊ लागलं आणि आपोआप बदलू लागलं. चष्मा घातला की आधी एक ‘घर’ दिसायचं. पुढच्या अपडेटांत त्या घराला खोल्या, फर्निचर, शोभेच्या वस्तू आल्या. ते सगळं ग्राफिक्स कार्डानेच रंगवायचं. व्हाइव्ह चालवणाऱ्या स्टीमव्हीआरनेही २०१७मध्ये असंच घर बांधलं. गेम खेळायला बसलेल्या माणसाने दिवाणखाना कशाला मागितला होता?

माझ्या हेडसेटची गंमत अशी, की तो कपाटात असतानाही माझा पीसी दमवतो. रात्री एखादा लेख टाईप करत असावं, वर्डखेरीज काही उघडं नसावं, आणि पंखा घरघरायला लागावा. टास्क मॅनेजर उघडून पाहावं तर हेडसेटची सर्व्हिस यादीत वर बसलेली, काहीतरी डाऊनलोड करून उलगडत. सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन तिला ‘मॅन्युअल’ करावं, तर पुढचं अपडेट तिला परत ‘ऑटोमॅटिक’ करून जातं. तिथे ‘रेम’ लिहायची सोय नाही.

वर्ड मंद झालं तर माणूस चहा करून येतो. विंडोज ९८च्या काळात वाळूचं घड्याळ दिसायचं, आपण नखं खात बसायचो. चष्म्यात ते चालत नाही. २०१६च्या हेडसेटना सेकंदाला ९० चित्रं लागत, म्हणजे एका चित्राला ११ मिलिसेकंद. मागे कुणीतरी मधेच थोडा प्रोसेसर खाल्ला आणि चित्र उशिरा आलं, की मान वळलेली असते पण जग वळलेलं नसतं. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचताना मळमळतं ते याच खटक्याने. तिथे कानातला तोल सांगतो की वळलो आणि डोळे सांगतात की अक्षरं जागेवर आहेत. चष्म्यात बऱ्याचदा उलट होतं, डोळे पळतात आणि अंग खुर्चीत. जुना मंदपणा डोळ्यांना दिसायचा, हा थेट पोटात उतरतो.

अपडेट म्हणजे वाईटच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये ऑक्युलसने ‘असिंक्रोनस स्पेसवॉर्प’ आणलं. मशीनला ९० चित्रं झेपत नसतील तर ४५च काढायची आणि मधली चित्रं अंदाजाने रचायची. त्या एका अपडेटने किमान गरज जीटीएक्स ९६०वर उतरली. लोकांची जुनी मशीनं फुकटात तरुण झाली! असं अपडेट रोज यावं.

पण ७ मार्च २०१८ही आठवतो. त्या दिवशी जगभरातले रिफ्ट एकाएकी बंद पडले. मशीन ठीक, चष्मा ठीक, केबल ठीक. सॉफ्टवेअरवरच्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, इतकंच. त्याच भानगडीत अपडेट करणारं सॉफ्टवेअरही अडकलं, म्हणून दुरुस्ती लोकांनी हाताने उतरवून घेतली. कंपनीने पुढे १५ डॉलरचं स्टोअर क्रेडिट दिलं. आणि विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या चष्म्यांच्या व्यवस्थेचं काय झालं, तर मायक्रोसॉफ्टने ती २०१७मध्ये गाजावाजा करून आणली आणि विंडोज ११च्या २४एच२ अपडेटमधून काढून टाकली. तिच्यावर चालणारा एचपीचा रिव्हर्ब जी२ हेडसेट फक्त २०२०चा. काचा स्वच्छ, पट्टा मजबूत, आणि अपडेट घेतलं की संगणक त्याला ओळखही दाखवत नाही.

पुण्यातल्या एका मित्राकडे असाच हेडसेट आहे. निवृत्त माणूस, रोज संध्याकाळी फ्लाईट सिम्युलेटरवर लोहगावहून विमान उडवतो. त्याने त्यासाठी वेगळा पीसी ठेवलाय, २३एच२वर थांबवलेला, नेटची वायर काढून. नातू सुट्टीला आला की त्याला पहिली ताकीद मिळते ती वायफायची. नातू विचारतो, “पण आजोबा, अपडेट आलं तर?” हा म्हणतो, “येऊ दे की. दार बंद आहे.”