आमच्या घरची चार ‘कुंकू’

आमच्या घरात ‘कुंकू’ चार आहेत. देव्हाऱ्यातल्या करंड्यातले वेगळे. मी म्हणते ते शांतारामबापूंचे. एक व्हीसीआरची कॅसेट, एक व्हीसीडीचा जोड, एक डीव्हीडी आणि चौथे मुलाने मोबाइलमध्ये घालून दिलेले. दर दिवाळीला कपाट आवरताना माझी जाऊ विचारते, “एकच सिनेमा चारदा कायले ठेवता वहिनी?” मी म्हणते, एकच कुठे आहे? चारही वेगळे आहेत. ती हसते आणि कॅसेटवरची धूळ पदराने पुसून परत जागेवर ठेवते. (पदराने पुसू नये, मऊ कोरड्या फडक्याने पुसावे. पण जावेला सांगणार कोण?)

आपल्यापैकी पुष्कळजणींना शांतारामबापू म्हटले की ‘पिंजरा’ नाही तर ‘दो आँखें बारह हाथ’ आठवतो. मला त्यांचे त्याआधीचे, ‘प्रभात’चे दिवस जास्त जवळचे वाटतात. १९२९ साली कोल्हापुरात शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि १९४२ मध्ये बापू तिच्यातून बाहेर पडले. ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’, ‘अमरज्योती’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’, सगळे या तेरा वर्षांतले. आणि गंमत अशी, की यांतले बरेचसे त्यांनी दोनदा काढले. सेट तोच, पण एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. ‘कुंकू’ हिंदीत झाला ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ झाला ‘आदमी’, ‘शेजारी’ झाला ‘पडोसी’. मराठीतली नीरा हिंदीत निर्मला होते. तेव्हा घरी कॅसेट आणली किंवा तबकडी घेतली, तर आधी पाहावे लागते की आत नीरा आहे की निर्मला. पुठ्ठ्यावर काय छापले आहे यावर जाऊ नये.

आता आमच्या गावाबद्दल दोन शब्द सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. आम्ही कौंडण्यपूरचे. वर्धा नदीच्या काठावरचे रुक्मिणीचे हे माहेर. भाऊ शिशुपालाशी लग्न लावायला निघाला, तेव्हा तिने श्रीकृष्णाला चिठ्ठी लिहिली आणि तो येऊन तिला घेऊन गेला, ते इथूनच. दर वर्षी इथून तिची पालखी पंढरपूरला जाते, आणि कार्तिकात दहीहंडीला गावात पाय ठेवायला जागा नसते. नाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ वाचले की मुलीला मनासारखा नवरा मिळतो, ही समजूत तर तुमच्याही माहेरी असेल.

माझ्या सासूबाईंनी ती पोथी तीनदा ऐकली होती. वाचता येत नव्हते, म्हणून ऐकली. १९४४ साली, पंधराव्या वर्षी, त्यांना बिजवराला दिले. पहिलीची दोन मुले होती. त्यांतला थोरला, म्हणजे माझे मोठे भासरे, सासूबाईंपेक्षा चारच वर्षांनी लहान. सारडा कायदा १९३० पासून लागू होता, पण त्यात मुलीचे वय चौदा पुरे होते, आणि नवरदेव किती मोठा असावा याबद्दल त्यात अक्षर नव्हते. मामंजी १९५९ मध्ये गेले. तेव्हा सासूबाई तीस वर्षांच्या होत्या.

‘कुंकू’ १९३७ चा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. पोरक्या नीराला नातेवाईक पैशासाठी म्हाताऱ्या वकिलाच्या, काकासाहेबांच्या, गळ्यात बांधतात. ती सरळ सांगते, हे लग्न मी मानत नाही. शांता आपटे नीरा आणि केशवराव दाते काकासाहेब. काकासाहेबांच्या मुलीचे, सुशीलेचे, काम शकुंतला परांजपे यांनी केले आहे. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी, सई परांजपे यांची आई. संततिनियमनाच्या कामासाठी पुढे नावाजली गेली आणि राज्यसभेवरही गेली. सिनेमातली सुशीला आपल्या बापाला सोडून सावत्र आईची बाजू घेते, आणि ती बाई खऱ्या आयुष्यातही तशीच असणार असे पाहताना सारखे वाटत राहते.

या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. संगीत केशवराव भोळ्यांचे, पण वाद्ये वाजतात ती गोष्टीतच कुठे वाजत असली तर. ग्रामोफोन लागला की नीरा त्याच्याबरोबर गाते. एरवी घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे, पावलांचे आवाज. भिंतीवरचे घड्याळ म्हणजे काकासाहेबांचे वयच समजा. हे सांगितले एवढ्यासाठी, की ज्या प्रतीत घड्याळ ऐकू येत नाही, त्या प्रतीत अर्धा सिनेमाच नाही.

आमच्या कॅसेटमध्ये ते ऐकू येत नाही.

कॅसेट १९८६ ची. तेव्हा व्हीसीआर आणि टीव्ही रात्रीपुरता भाड्याने आणायची पद्धत होती. आर्वीहून जीपमध्ये गादीवर ठेवून यायचा, जणू बाळंतीणच. आमच्या ह्यांनी त्याबरोबर ‘कुंकू’ आणला. ती कॅसेट पुढे त्या दुकानदाराने दुकान बंद करताना आम्हाला देऊन टाकली. नकलेची नकल होती. माणसांचे चेहरे पिठात बुडवून काढल्यासारखे पांढरे, आणि आवाजात अखंड घुरघुर. सासूबाई पुढेच बसलेल्या, मोकळ्या कपाळाच्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, “पोरगी काय म्हणते वं? मले तं गिरणी चालल्यावानी ऐकू येते.” मी जमेल तेवढे सांगत गेले. कॅसेट १८० मिनिटांची आणि सिनेमा १६२ मिनिटांचा, म्हणजे मावायला हरकत नव्हती. पण सुरुवातीला कुणाच्या तरी लग्नाची वरात भरलेली होती, आणि तिने शेवटची वीसेक मिनिटे खाल्ली. काकासाहेब खुर्चीत बसलेले आणि फीत संपली. आम्ही सगळे पाहतच राहिलो. सासूबाई उठल्या, “झालं असंन,” म्हणाल्या आणि दही लावायला गेल्या.

व्हीसीडी २००४ मध्ये मुलाने आणली. ती निघाली हिंदी, म्हणजे निर्मला. चित्र कॅसेटपेक्षा ठीक, पण अंधाराचा प्रसंग आला की पडद्यावर चौकोन चौकोन, जशी फरशीच बसवली आहे. आणि तबकड्या दोनच. एका तबकडीत ७४ ते ८० मिनिटे मावतात. अडीच तासांच्या पुढचा सिनेमा दोनांत कोंबायचा म्हणजे कात्री लागणारच. कात्री लावणाऱ्याने गाणी ठेवली. शेवट असा उरकला, की म्हातारा निघून गेला एवढेच कळते. सासूबाईंचे हिंदी बेताचे. त्या म्हणाल्या, “गेला? बरं झालं,” आणि एवढ्यावर ‘कुंकू’ आमच्या घरात सहा वर्षे संपलेला होता.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण आमच्या कपाटात तेही आहेत. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, आज पाहायला मिळणाऱ्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांपैकी एक. आवाज खरखरीत असला तरी दुर्गा खोट्यांसाठी सोसावा. ‘अमरज्योती’त त्याच दुर्गाबाई समुद्रावरची लुटारू राणी होतात. आईला स्वतःच्या मुलाचा ताबा मिळत नाही म्हणून ती राज्याशीच वैर मांडते, आणि तेही १९३६ मध्ये. ‘माणूस’ मराठीच घ्यावा. शांता हुबळीकरांच्या त्या प्रसिद्ध गाण्यात निरनिराळ्या भाषांची कडवी आहेत. आमच्या प्रतीत त्यांतली दोन गायब आहेत. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ मात्र दोन्ही पाहण्यासारखे. मराठीत केशवराव दाते पाटील आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत जागीरदार मिर्झाच, पण हिंदू शेजारी झाले मजहर खान. हिंदूने मुसलमान व्हायचे आणि मुसलमानाने हिंदू. १९४१ सालची ही गोष्ट.

‘कुंकू’ची डीव्हीडी २०१० मध्ये आली. मराठी, आणि पूर्ण. तोवर भारनियमनाला कंटाळून आम्ही इन्व्हर्टर घेतला होता, म्हणून एका बैठकीत झाला. सासूबाई एक्याऐंशीच्या. दिसायला कमी झाले होते, कान शाबूत. पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाल्या, “घड्याळ वाजते.”

मी म्हटले, हो, सिनेमातलेच आहे.

“आमच्या घरी बी होतं वं माय. पैलीच्या आंदणातलं. रातच्यानं ते ऐकत पडून राहो मी. बाराचे ठोके पडले का समजाव, आता नाही येत. मंग झोप लागे.”

लग्नाला तीस वर्षे झाली होती माझ्या, या घरात. हे कधी कानावर आले नव्हते. हे शेजारीच बसले होते. त्यांनी आवाज थोडा वाढवला, एवढेच केले.

मग शेवट आला. काकासाहेब चिठ्ठी लिहून ठेवतात, नीराला पुन्हा लग्न करायची मोकळीक देतात आणि जीव देतात. चोवीस वर्षांत सासूबाईंना ही चिठ्ठी ठाऊकच नव्हती. मी दोन्ही वेळा सांगायला हवी होती असे म्हणाल, तर ती मलाही ठाऊक नव्हती; आमच्या दोन्ही प्रतींत ती नव्हतीच. सासूबाईंनी तो भाग परत लावायला सांगितला. परत ऐकला. मग बराच वेळाने म्हणाल्या, “थ्यानं लिहिली. तिनं नाही लिहिली.” आणि थोड्या वेळाने, “चिठ्ठी लिहाले लिहिता तं आलं पायजे नं. रुक्मिनीले येत होतं.”

त्या २०१४ मध्ये गेल्या.

मैत्रिणींनो, तुम्ही जुने सिनेमे घरी घेऊन ठेवत असाल, तर चार गोष्टी अनुभवाने सांगते. पुठ्ठ्यावरची मिनिटे कमी दिसली म्हणून लगेच कात्री लागली असे समजू नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी धावतो. आपल्याकडची कॅसेट आणि व्हीसीडी २५ चित्रांनी. त्यामुळे १६२ मिनिटांचा सिनेमा काही न कापताही १५५-५६ मिनिटांत संपतो. आवाजाची पट्टीही किंचित चढते. हे भजनाची पेटी घेऊन शांता आपट्यांच्या गाण्याला साथ करायला बसले, तर कॅसेटशी ना पांढरी चारशी जुळेना ना काळी तीनशी. पेटीवाल्याला उगीच बोलावणार होते.

दुसरे, हे सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत. नव्या रुंद टीव्हीवर चित्र ताणून भरते आणि शांता आपटे एकदम अंगाने भरलेल्या दिसतात. रिमोटवर ‘४:३’ची सोय असते, ती दाबा. दोन बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू द्या. तबकडी पुसताना ताट पुसल्यासारखी गोल गोल पुसू नका. मधून काठाकडे सरळ पुसा. कॅसेटला पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. उभी ठेवावी, औषधाच्या बाटलीतून निघतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या जवळ टाकाव्यात, आणि स्पीकरच्या शेजारी मुळीच ठेवू नये, त्यातल्या लोहचुंबकाने फीत खराब होते.

आणि जुनी प्रत टाकून देऊ नका, कितीही वाईट असो. २००३ च्या जानेवारीत पुण्याला जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली. ‘प्रभात’चा स्टुडिओ होता, त्याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात. ती जुनी फिल्म नायट्रेटची, पेटली की विझत नाही. ‘प्रभात’च्याही मूळ फिती त्यात गेल्या. आज आपण पाहतो त्या सगळ्या नकला. कुठल्या नकलेत काय टिकून राहिले असेल, सांगता येत नाही. मोबाइलमधल्या चौथ्या ‘कुंकू’त चित्र चिरडलेले आहे, कोपऱ्यात कुणाचे तरी नाव सारखे चमकते, पण त्यात एका प्रसंगातली काही वाक्ये आहेत, जी आमच्या डीव्हीडीत अर्धवट तुटतात.

गेल्या कार्तिकात आमचा डीव्हीडी प्लेअर बंद पडला. अमरावतीच्या दुरुस्तीवाल्याने सांगितले, आता याचे भाग मिळत नाहीत. सूनबाईने तबकडीवरून सगळे संगणकात उतरवून घेतले. ती म्हणाली, “आई, बरोबर आलं का पाहून घ्या.” मी सुरुवात पाहिलीच नाही. आधी शेवट लावून पाहिला. चिठ्ठी आहे.