चोर्ला घाट आणि एक रबरी पट्टा

बेळगावच्या कॅथोलिक कुटुंबांना जुने गोवे कधीच परके वाटले नाही. आमचा धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, तो गोव्याच्या महाधर्मप्रांताचा व पुणे धर्मप्रांताचा काही भाग वेगळा काढून. त्यामुळे घाटाखालचे ते प्राचीन नगर आम्हांला आजोळासारखे वाटते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन तेथे दर दहा वर्षांनी होते. या खेपेला ते २१ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू होऊन ५ जानेवारी २०२५ रोजी संपावयाचे होते. आमच्या मातोश्रींचे वय ८१. पुढील दर्शन २०३४ साली, हा हिशेब त्यांनी आमच्याआधीच मांडून ठेवला होता. “यंदा मला तेवढं घेऊन चला रे,” इतकेच त्या म्हणाल्या.

जाण्याचे ठरले, पण मोटारीचे ठरेना. आमची मोटार जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. वय नऊ वर्षे, मीटरवर ५८,००० किलोमीटर. निघण्यापूर्वी ब्रेक दाखवावे म्हणून मिस्त्रीकडे नेली, तेव्हा त्याने सहज विचारले, “साहेब, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?” आम्ही कागद चाळले. तेल बदलल्याच्या पावत्या होत्या, टायरची पावती होती. त्या पट्ट्याचा मात्र कोठेच उल्लेख नव्हता.

हा पट्टा म्हणजे काय, ते वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. इंजिनात पिस्टन खालीवर होतात व क्रँक फिरवितात. वरच्या बाजूला व्हॉल्व असतात. ते उघडमीट करून इंधन व हवा आत घेतात आणि धूर बाहेर सोडतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व हलविणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा, असा नियम आहे. तो नियम राखण्याचे काम पुष्कळ मोटारींत दाते असलेला एक रबरी पट्टा करतो. १९६२ साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, डिंगॉल्फिंग येथील ग्लास कारखान्याच्या १००४ या मोटारीत असा पट्टा आला; पुढे तो जगभर पसरला. आपल्याकडील मारुती ८०० व पहिली सँट्रो यांतही तोच होता. पुष्कळ नव्या गाड्यांत त्याच्या जागी लोखंडी साखळी असते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो व मिटतो. इतक्या घाईत पट्टा तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्वांवर आदळतात, व्हॉल्व वाकतात आणि इंजिनाचे डोके खोलावे लागते. तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट होतो.

मिस्त्रीने झाकण काढून पट्टा दाखविला. आमचे थोरले बंधू वाकून पाहू लागले. “चांगला तर आहे! ना चीर, ना झीज. नाताळ झाल्यावर बघू.” खर्च सहा हजार रुपयांचा होता, आणि नाताळ तोंडावर आलेला. दादांचे म्हणणे अगदीच अवाजवी नव्हते. पुस्तिका काढून पाहिली तर तीही एवढेच सांगत होती की, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, जे आधी होईल ते. निरनिराळे कारखाने निरनिराळे आकडे देतात; साधारणतः ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान, किंवा पाच ते सात वर्षे. किलोमीटरच्या हिशेबाने आमची वेळ भरत आली होती. वर्षांच्या हिशेबाने ती केव्हाच भरून गेली होती. रबर उभ्या गाडीतही जुने होते. तेलाचा वा पाण्याचा पाझर त्याला लागला, तर आणखीच लवकर.

“वरून चांगला दिसतो हे खरं,” मिस्त्री म्हणाला, “पण पट्टा काही बोलत नाही, साहेब. तुटला म्हणजेच बोलतो.”

ब्रेक झिजले तर करकरतात, टायर झिजले तर डोळ्यांना दिसतात. हा पट्टा मात्र बहुधा कसलीही सूचना देत नाही. म्हणून त्याचा निर्णय आवाजावरून घ्यावयाचा नसतो, दिनदर्शिकेवरून घ्यावयाचा असतो. आणि ज्या जुन्या गाडीची नोंदच नाही, तिचा पट्टा बदलावयाचा राहिला आहे, असेच धरून चालणे शहाणपणाचे. मातोश्रींना घेऊन घाट उतरावयाचा होता. उतारावर इंजिन बंद पडले की स्टीअरिंग जड होते आणि एकदोनदा दाबल्यावर ब्रेकही कठीण होतात. आम्ही मिस्त्रीला होकार दिला. पट्ट्यासोबत त्याला ताण देणारी पुली व वॉटर पंपही बदलले. कारण आमच्या गाडीत पंप त्याच पट्ट्यावर चालतो, आणि तो पुढे बिघडला असता तर हीच मजुरी पुन्हा द्यावी लागली असती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे निघालो. पिरनवाडी, किणये मागे पडले. जांबोटीपासून रान दाट होऊ लागले. मलप्रभेचा उगम जेथे आहे ते कणकुंबी गाव धुक्यात होते. मातोश्री मागे जपमाळ करीत होत्या. कणकुंबीच्या पुढे एका वळणावर पांढरी मोटार उभी दिसली. बॉनेट उघडे, आणि रस्त्याकडेच्या दगडावर एक वृद्ध जोडपे बसलेले. म्हातारीच्या हातातही जपमाळ होती.

त्यांचा मुलगा सांगू लागला, “चालता चालता एकदम बंद पडली. आवाज नाही, काही नाही.” एका टेंपोवाल्याने तेलाचे झाकण काढून आत पाहिले होते. स्टार्टर फिरे, पण आतील कॅमशाफ्ट हलत नव्हता. पट्टा तुटला होता. मुलगा खाली पाहत म्हणाला, “पावसाळ्यातच सांगितलं होतं गॅरेजवाल्यानं. म्हटलं, नाताळनंतर करू.”

दादांनी आमच्याकडे पाहिले नाही. आमच्या मागच्या आसनावर दोन जागा होत्या. मातोश्रींनी स्वतःच सरकून घेतले व त्या वृद्धेला हाक मारली, “या बाई, बसा इकडे.” मुलगा गाडीपाशी थांबला. रानात मोबाईल लागेना. म्हणून घाट उतरून, अंजुणे धरणाचे पाणी डावलून केरीला पोहोचल्यावर आम्हीच त्याच्या गॅरेजला निरोप दिला. पुढे साखळी, आमोणे, बाणस्तारी करीत जुने गोवे गाठले.

से कॅथेड्रलसमोर रांग लांबवर गेली होती. १५६२ साली बांधावयास घेतलेल्या या मंदिराला पूर्वी दोन मनोरे होते; त्यांतील एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा उभारला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आहे. दोघी वृद्धा एकमेकींचा हात धरून आत गेल्या. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर देह ठेवलेल्या त्या संतापुढे त्या क्षणभरच थांबल्या. मागची रांग पुढे सरकत होती. बाहेर आल्यावर मातोश्री म्हणाल्या, “झालं माझं.” दुसरीने पदराने डोळे पुसले. सायंकाळी दोघा वृद्धांना त्यांच्या घरी पोहोचवून आम्ही परतलो.

आमचा जुना पट्टा त्या दिवशी तुटला असता काय? ते कधीच कळावयाचे नाही. मिस्त्रीने तो परत दिला होता. वाकवून पाहिला तेव्हा दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या होत्या, इतकेच. कदाचित तो आणखी वर्षभर चालला असता. वेळेवर केलेल्या कामाचा पुरावा मिळत नाही, कारण जे टळले ते दिसत नाही. प्रभूच्या दृष्टांतातील शहाण्या कुमारिकांनी तेल बरोबर घेतले, तेव्हा वर कोणत्या घटकेस येईल हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडीपाशी काहीतरी करीत होते. जाऊन पाहिले, तर बॉनेटच्या आत त्यांनी एक कागद चिकटविला होता. त्यावर लिहिले होते: पट्टा बदलला, नोव्हेंबर २०२४, ५८,००० किलोमीटर. पुन्हा बदलणे, नोव्हेंबर २०२९.

वाचकहो, आपल्या अंगणातही जुनी मोटार उभी असेल, तर आज तिचे कागद एकवार काढून पाहा.