होल्याची शिकार आणि नान्नजचा माळ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघाले की साधारण वीस किलोमीटरवर नान्नज लागते. इथे डोंगर नाही, दाट झाडी नाही. नजर पोहोचेल तिथवर गवताळ माळ, तुरळक बाभळी आणि मधूनमधून ज्वारीची शिवारे. रब्बीची ज्वारी निघाली की सांडलेले दाणे टिपायला होले उतरतात. खेड्यात त्याला व्हला म्हणतात, आपल्या घरांत फाख्ता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चार मित्र मुलाबाळांसह तिकडे गेलो. बरोबर आमच्यातले सर्वांत वडील चाचा होते. तरुणपणी त्यांनी या भागात होले आणि तित्तर मारले होते. तेव्हा शिकारीचा परवाना मिळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही छोट्या शिकारीच्या परवान्याची सोय होती आणि होला त्यात बसत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली. तेव्हापासून आपल्याकडे होल्याची मर्यादा एकच आहे, शून्य.

पोरांना हे पटेना. एकाचे मामा अमेरिकेत, टेक्सासला असतात. तिथे सप्टेंबरात होल्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि एका माणसाला दिवसाला पंधरा पक्षी मारता येतात. "मग इथे एअरगनने दोन मारले तर काय बिघडले?" त्याने विचारले. आम्ही त्याला समजावले की तिथे पक्ष्यांची गणती ठेवून दरवर्षी मर्यादा ठरवतात. आपल्याकडे बंदी आहे, आणि एअरगनच काय, गलोल, जाळे किंवा फासे लावणे, घरट्यातली अंडी काढणे हेही कायद्याने शिकारच ठरते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एका सालनासाठी मुलाच्या नावावर गुन्हा लागावा, असे कोणत्या आईला वाटेल?

चाचा म्हणाले, "बेटा, कायदा कडक नव्हता तेव्हाही आमच्यावर हिशोब होता. छर्‍याने पडलेला पक्षी जिवंत हाती आला तर बिस्मिल्लाह म्हणून जिबह करायचा. आधीच मेला तर तो दस्तरखानावर येत नसे. असे किती वाया जात! सालन दोघांचे, आणि जीव दहांचे."

शिकार आपल्या दीनमध्ये हलाल आहे, पण मोकाट नाही. एहराम बांधलेल्या हाजीला जंगली जनावराची शिकार मना आहे. मक्केच्या हरममधली कबुतरे माणसांच्या पायांत निर्धास्त फिरतात, हे हजहून आलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. गरज नसताना निव्वळ खेळ म्हणून जीव घेणे तर कधीच पसंत केलेले नाही.

मुंबईचे डॉ. सालिम अली याच वाटेने पुढे गेले. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते मामांकडे गेले आणि मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. त्या एका पाखरापासून देशाचा सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ घडला. माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे, असा आग्रह पुढे त्यांनीच धरला होता.

तो माळढोक याच नान्नजच्या माळाचा. त्याच्यासाठी १९७९ मध्ये इथे अभयारण्य झाले. तरीही आज तो नशिबानेच दिसतो. शिकार आणि उजाड होत गेलेली माळराने, दोन्हींनी त्याचा घात केला. आम्हालाही तो दिसला नाही. काळविटांचा कळप दिसला, आणि होले पुष्कळ दिसले. ठिपक्यांचा, गळ्यात काळी कंठी असलेला, विटकरी रंगाचा. दुर्बीण हातोहात फिरली. एअरगनचा हट्ट धरणार्‍या पोराने परतेपर्यंत चार जाती वहीत लिहिल्या होत्या.

जायचे तर वनखात्याची परवानगी घेऊन पहाटे फजरनंतर लगेच निघावे, ऊन चढले की पाखरे सावलीला जातात. पाणी आणि डबा सोबत घ्यावा. आणि सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला की गच्चीवर मातीच्या परातीत पाणी ठेवावे. होला आपणहून घरी येतो.