तेरावा गडी

कॅनडातील फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. तेथे लांबट चेंडू हातांत धरून धावतात, अडवणाऱ्याला अंगावर घेतात आणि प्रसंगी तो लाथेने दोन खांबांमधून पलीकडे धाडतात. अमेरिकेतील अशाच खेळात एका बाजूला अकरा गडी असतात, कॅनडात बारा. या बारांची मोजदाद चुकल्याने २००९ साली हाती आलेले अजिंक्यपद निसटले.

अजिंक्यपदाचा ग्रे करंडक गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी १९०९ साली दिलेला. २९ नोव्हेंबर २००९ रोजी कॅल्गरी येथे त्यासाठी सस्कॅचवन आणि मॉन्ट्रियल हे संघ भिडले. सस्कॅचवन हा गव्हाच्या शेतांचा, विरळ वस्तीचा प्रांत. त्याचा रफरायडर्स संघ कुणा धनिकाच्या मालकीचा नाही, लोकांचा आहे. त्याचे चाहते भर थंडीत पोखरलेले कलिंगड शिरस्त्राणासारखे डोक्यावर घालून मैदानात येतात! मैदानावरील बारांच्या पाठीशी उभे असलेले आपण तेरावे, या अभिमानाने ते स्वतःला ‘तेरावा गडी’ म्हणवीत.

मध्यंतराला सस्कॅचवन १७-३ असे पुढे होते. शेवटच्या घटकेला ही आघाडी २७-२५ इतकी आक्रसली. मॉन्ट्रियलच्या डेमन डुव्हाल याने ४३ यार्डांवरून लाथ मारली. चेंडू खांबांबाहेर गेला. वेळही संपली होती. हिरव्या पोशाखातील खेळाडू आनंदाने मैदानात धावले. पण पंचांचा रुमाल जमिनीवर पडला होता. सस्कॅचवनचे तेरा गडी मैदानात होते.

दंड दहा यार्डांचा. डुव्हालला ३३ यार्डांवरून दुसरी संधी मिळाली आणि या वेळी चेंडू नेमका गेला. मॉन्ट्रियल २८, सस्कॅचवन २७.

मी त्या क्षणाचे चित्रण अनेकदा पाहिले आहे. दर वेळी गडी मोजू लागतो आणि मोजणी पुरी होण्याआधीच चेंडू उडालेला असतो. मग मैदानाच्या कडेला, त्या गोंगाटात आणि धाकधुकीत, आत कोण गेले आणि बाहेर कोण आले हे कोण मोजणार?

लोकांना अर्थातच नाव हवे होते. ते संघाने जाहीर केले नाही. प्रशिक्षक केन मिलर यांनी कुणा एकाकडे बोट दाखविले नाही. पुढे तर्क पुष्कळ झाले. ते मी येथे उतरवून घेत नाही. आधीचे सारे टप्पे विसरून पराभवाचे ओझे एका खांद्यावर ठेवणे सोपे असते. सोळा गुणांची आघाडी काही त्या एकट्याने गमावली नव्हती. तरीही त्या माणसाच्या मनात ती रात्र किती वर्षे सरली नसेल, हा विचार मला सोडीत नाही.

२०१३ साली रेजायना येथे, घरच्या मैदानावर, सस्कॅचवनने हॅमिल्टनला ४५-२३ असे हरवून करंडक जिंकला. पुढे २०२५ साली तो पुन्हा त्यांच्याकडे आला. त्या वेळी समोर मॉन्ट्रियलच होता.