मागचा एक्सल

आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांची चूल गॅरेजवर पेटते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिमांचे प्रमाण स्वयंरोजगारात आणि वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यांत अधिक असल्याची नोंद आहे. तक्त्यात माणसांची संख्या येते, त्यांच्या हातातली अक्कल येत नाही. माझे अब्बा चिपळूणला महामार्गालगत जीपगाड्या दुरुस्त करीत. शाळा चौथीपर्यंतची, मग माझगावच्या एका गॅरेजात हेल्परकी, एवढेच त्यांचे शिक्षण. मी शिक्षक झालो. पण वजन म्हणजे काय आणि ते कोणी उचलायचे, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

जीपचा विषय निघाला की अब्बा एक गोष्ट हमखास सांगत. जीप बनवणारी कंपनी १९४५ साली सुरू झाली ती 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. अब्बा हसून म्हणत, "साहेब गेले, मिस्त्री इथेच राहिले."

नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे एफसी १५० जातीचा एक जुना पिकअप येई. इंजिनावरच केबिन बसवलेली, नाक नसलेली ही गाडी. मालक जांभ्याचा चिरा वाहत. मूळचे पेट्रोल इंजिन काढून त्यांनी दुसरीकडे डिझेलचे बसवून घेतले होते. डिझेल स्वस्त, आणि कमी फेऱ्यांत जोर जास्त. पण तो जोर शेवटी जातो कुठे? पहिला गिअर, लो गिअर आणि क्राउन-पिनियन मिळून या गाडीत इंजिनाचा जोर सुमारे ३७ पट होऊन मागच्या एक्सलवर येतो. एक्सल मात्र पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाचाच राहिला होता. दोन वर्षांत तीन शाफ्ट तुटले.

तिसरा तुटला तो कुंभार्ली घाटात, चढावर, भरल्या गाडीचा. या जीपच्या मागच्या एक्सलला सेमी फ्लोटिंग म्हणतात. त्यात शाफ्ट चाक फिरवतोच, शिवाय गाडीचे वजनही पेलतो. त्याच्या निमुळत्या टोकावर चावी आणि नट लावून हब बसवलेला असतो. टोक तुटले की हब, ड्रम आणि चाक मिळून बाहेर पडतात. ड्रम गेला की पायाचा ब्रेक दाबताच सिलिंडरमधले पिस्टन निसटतात आणि सगळे ऑइल वाहून जाते. चारी चाकांना लाइन एकच. हँडब्रेक धरतो तो गिअरपेटीमागच्या शाफ्टला, चाकाला नव्हे. एक्सल तुटल्यावर तो शाफ्ट जखडून उपयोग काय? म्हणजे एक लोखंडी कांब तुटली आणि जोर, चाक, दोन्ही ब्रेक एकदम गेले. गाडी मागे सरकू लागली. क्लीनर पोराने उडी टाकून चाकामागे ठोकळा सारला. गाडी थांबली, त्याच्या पायाची दोन बोटे गेली. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता.

मालक अब्बांकडे आले ते जाड शाफ्ट मागायला. अब्बा म्हणाले, "शेट, जाडीचा सवाल नाही. एकाच्याच गळ्यात सगळी कामे आहेत, हा सवाल आहे."

अब्बांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका लहान ट्रकचे फुल फ्लोटिंग हौसिंग आणले. यात हब हौसिंगच्या टोकावर दोन बेअरिंगांवर बसतो. वजन हौसिंग पेलते, शाफ्ट फक्त फिरवतो. गंमत अशी की महायुद्धातल्या लष्करी जीपला मागे असाच फुल फ्लोटिंग एक्सल होता. पुढे मुलकी जीप निघाली, तिला सेमी फ्लोटिंग मिळाला.

तो बसवायला आठ दिवस लागले. आधी रेशो मोजला: एक चाक धरून ठेवायचे, दुसऱ्याला दोन फेरे द्यायचे आणि पिनियन किती फिरला ते खडूच्या खुणेवर मोजायचे. जुन्या क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८. नव्याचा हिशेब वेगळा निघाला. पुढचा आणि मागचा रेशो सारखा नसेल तर फोर व्हील लावताच कठीण रस्त्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. म्हणून अब्बांनी पुढचा जॉइंट उतरवूनच ठेवला. पाट्यांच्या बैठका आधी नुसत्या टाचून घेतल्या. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, पिनियनचा कोन पाहून, मगच पक्के वेल्डिंग केले. जॉइंट नव्या मापाचा करून घेतला. मागच्या चाकांचे बोल्ट वेगळे झाले, तेव्हा स्टेपन्या दोन ठेवाव्या लागल्या.

काम संपल्यावर त्यांनी मालकांना बोलावले. हबवरचे बोल्ट खोलले आणि जॅक न लावता अख्खा शाफ्ट बाहेर ओढून काढला. गाडी चारी चाकांवर उभीच. "आता हा तुटला तर गाडी पुढे जाणार नाही. हँडब्रेकही धरणार नाही, ते ध्यानात ठेवा. पण चाक जाणार नाही, आणि पायाचा ब्रेक राहील."

मालक खूश झाले आणि लगेच म्हणाले, "मिस्त्री, मग दोन पाटे वाढवा. शंभर चिरे जास्त भरता येतील."

अब्बांनी साफ नकार दिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यांनी वाचले नसेल; पण नोंदणीच्या पुस्तकात वजन लिहिलेले असते, आणि एक्सल बदलला म्हणून ते बदलत नाही, हे त्यांना ठाऊक होते. "चेसी तीच, पुढचे ब्रेक तेच. मी एक्सल मजबूत केला तो त्या पोराच्या पायासाठी, तुमच्या चिऱ्यांसाठी नाही." मालक रागावून गेले. पाटे त्यांनी दुसरीकडे वाढवले की नाही, अब्बांनी विचारले नाही. क्लीनर पोराला मात्र त्यांनी आपल्याकडे कामाला ठेवून घेतले.

त्याच वर्षी अब्बांनी घरातही एक बदल केला. तोवर गॅरेज, उधारी, बहिणींची लग्ने, सगळे थोरल्या भाईंच्या डोक्यावर येणार हे ठरल्यासारखे होते. अब्बांनी स्पेअर पार्टचे दुकान बाजीच्या नावावर करून हिशेब तिच्या हाती दिला. मोहल्ल्यात लोक बोलले. मला म्हणाले, "तू नोकरी कर, पण दर महिन्याला घराचा हिस्सा दे. भाईने फक्त गॅरेज चालवायचे."

२००८ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. घर हादरले, पण बसले नाही. दुकान दुसऱ्या दिवशी नाही, तरी चाळिसाव्याआधी उघडले. गॅरेज आज भाई आणि तो जुना क्लीनर मिळून चालवतात. तो थोडा लंगडतो. फुल फ्लोटिंगचे काम आले की शाफ्ट ओढून दाखवायचे काम भाई त्यालाच देतात.