अंगठा

आमच्या घरात सही करणारी मी पहिलीच. आजी अंगठा उठवते, आई अंगठा उठवते. आबा दुसरीपर्यंत शाळेत गेले होते म्हणतात. पण औताच्या रुमण्यावर हात बसला आणि पाटी सुटली ती कायमचीच. म्हणून बारावीचा माझा निकाल लागला तेव्हा आजीने घरोघर साखर वाटली आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य सांगितले, "आमची नात आता कुठं अंगठा उठवायची न्हाई!"

त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटे. पण नियतीची गंमत पाहा. २०२५ च्या खरिपात, जुलै महिन्यात, एका संध्याकाळी आबांचा फोन आला, "बाई, उद्या कॉलेज बुडव अन् गावाकडं ये. युरिया आलाय. माझा अंगठा मशीन घेईना."

दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राची चाचणी होती. मी तसे म्हणणार होते, पण म्हटले नाही. आमचा तीन एकर मका गुडघ्याला लागला होता. पाऊस होऊन चांगला वापसा आला होता. मक्याला युरिया द्यायचा तो याच दिवसांत. तुरा येऊन गेल्यावर गोणी दारात येऊन पडली तरी तिचा उपयोग काय? चाचणी पुन्हा देता येते; मका पुन्हा गुडघ्याला येत नाही.

सकाळी सात वाजता दुकानापुढे पोहोचले तर रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. रांगेत माणसांच्या जागी चपला, पिशव्या आणि दगडही होते. माणसे लिंबाच्या सावलीला बसली होती. प्रत्येक आधार कार्डावर दोनच गोण्या मिळणार होत्या. आम्हाला सहा हव्या होत्या. आबांनी पुन्हा एकदा अंगठा लावून पाहिला, मग दुसरी बोटे लावली. यंत्र नाहीच म्हणत राहिले. विळा, दोर आणि माती यांनी त्या बोटांवरच्या रेघाच पुसून टाकल्या आहेत. आईचेही तेच झाले. मग मी अंगठा टेकवला. यंत्राने लगेच होकार दिला. लेखणी धरणारा मऊ अंगठा तो!

दुकानदार म्हणाला, "दोन गोण्या. पण सोबत ही औषधाची बाटली घ्यावी लागंल." याला आमच्याकडे 'लिंकिंग' म्हणतात. गोणीवर छापील किंमत दोनशे सहासष्ट रुपये पन्नास पैसे. बाटलीची किंमत त्याहून जास्त. ती आम्हाला नको होती. आबांनी काही न बोलता पैसे मोजले. मी बोलणार होते तर त्यांनी माझा हात दाबला. उरलेल्या चार गोण्यांसाठी त्याच दारात पुन्हा उभे राहायचे होते ना!

त्या चार गोण्या बारा दिवसांनी मिळाल्या. तोवर मका पिवळा पडला होता. त्या दोन एकरांतली कणसे शेवटपर्यंत लहानच राहिली.

त्या रात्री जेवताना मी तणतणत होते. आजी शांतपणे म्हणाली, "तू रांग कुठं पाहिलीस अजून? बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्सांची व्हते. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. सुकडी मिळायची, अन् रेशनला लाल मिलो. बोटीनं यायचा म्हनं अमेरिकेतनं. त्याची भाकर गिळवत नव्हती. पर दुसरं व्हतं काय?"

तिचे ते 'बोटीनं यायचा' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. कॉलेजात परत आल्यावर चाचणी बुडाल्याबद्दल सरांची क्षमा मागितली आणि कारणही सांगितले. सर रागावले नाहीत. त्यांनी ग्रंथालयातून दोन पुस्तके काढून दिली आणि म्हणाले, "तुमच्या गोणीचा इतिहास वाचा."

तो वाचला आणि थक्क झाले. १९५०-५१ साली देशात सुमारे पाच कोटी टन धान्य पिकत होते. १९६५-६६ च्या दुष्काळानंतर, १९६६ साली, सुमारे एक कोटी टन धान्य आपल्याला बाहेरून आणावे लागले. त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेखाली आला. मग गव्हाच्या आणि भाताच्या बुटक्या जाती आल्या. या जातींचे वैशिष्ट्य असे, की खत दिले तरी पीक लोळत नाही. ते खत दाण्यात उतरते. म्हणजे नव्या बियाण्याला पाणी आणि खत दोन्ही लागले. सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ पासून चालू होता, पुढे आपल्या मुंबईत तुर्भ्याला आणि अलिबागजवळ थळला कारखाने उभे राहिले. १९७७ साली मराठे समितीच्या शिफारशीवरून अशी पद्धत आली, की खत शेतकऱ्याला ठरलेल्या स्वस्त दराने द्यावे आणि कारखान्याचा जास्तीचा खर्च सरकारने भरावा. २०२३-२४ साली देशात तेहतीस कोटी टनांच्या आसपास धान्य पिकले. मिलोची भाकर मी कधी पाहिलीही नाही, त्यामागे या गोणीचाही वाटा आहे.

पण पुढे वाचताना एक गोष्ट टोचली. युरिया बनतो तो नैसर्गिक वायूपासून, आणि त्या वायूचा मोठा वाटा आखातातून जहाजांनी येतो. तयार युरियाही काही प्रमाणात बाहेरून येतो. डीएपी किंवा त्याचा कच्चा माल मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया, चीन अशा देशांतून येतो. पोटॅश तर जवळजवळ सगळेच परदेशी. २०२१ साली चीनने निर्यात आवळली आणि २०२२ साली रशिया-युक्रेन युद्ध पेटले, तेव्हा भाव इतके चढले की २०२२-२३ या एका वर्षात सरकारला खतांवर सुमारे अडीच लाख कोटी रुपये अनुदान द्यावे लागले. आजीच्या वेळी धान्य बोटीने येई. आता धान्याचे खाणे बोटीने येते! बोट अडली तर लिंबाखालची रांग लांबते.

माझी एक मैत्रीण वक्तृत्व स्पर्धेत म्हणाली, "रासायनिक खते एका फटक्यात बंद करा." टाळ्या पडल्या. एरवी मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण शेजारच्या श्रीलंकेने २०२१ साली नेमके हेच केले. भाताचे पीक कोसळले, तांदूळ आयात करावा लागला आणि काही महिन्यांतच, नोव्हेंबरात, बंदी उठवावी लागली. एका फटक्यात केलेली गोष्ट गरिबाच्या ताटावर येऊन आदळते.

मग सगळे आहे तसेच चालू द्यावे का? तेही नाही. आमच्या घरी भिंतीतल्या कोनाड्यात मृदा आरोग्य पत्रिका पडून आहे. सुटीत ती मी आबांना वाचून दाखवली. जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आहे, जस्त कमी आहे, युरिया बेताने द्या, असे तीत लिहिले आहे. आबा म्हणाले, "पत्रिका खरं सांगत असंल, बाई. पर युरिया अडीचशेला अन् पोटॅश त्याच्या पाचपटीनं. गरिबानं काय टाकावं?"

मला उत्तर देता आले नाही. कारण ही चूक आबांची नव्हे. १९९२ साली स्फुरद आणि पालाश यांच्या खतांच्या किमती मोकळ्या केल्या, युरियाची मात्र सरकारच्या हाती ठेवली. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला. युरियाचा मूळ दर २०१२ पासून जागचा हललेला नाही. किंमतच जर शेतकऱ्याला 'युरिया टाक' म्हणून सांगत असेल, तर कोनाड्यातल्या पत्रिकेचे कोण ऐकणार? आणि त्या यंत्राचे तरी काय? २०१८ पासून देशभर, शेतकऱ्याचा अंगठा उठला म्हणजेच कारखान्याला अनुदान मिळते. पैसा चोख पोहोचावा म्हणून ही व्यवस्था केली, ती चांगलीच आहे. पण जो अंगठा कामाने झिजला त्याला दुसरी वाट दुकानातच मिळायला नको का?

एवढे मात्र खरे, की मी आबांशी भांडून बारा ओळी मागून घेतल्या. शेणखत घातलेल्या त्या ओळींना युरिया कमी दिला, तोही दोन वेळा विभागून, वेळेवर आणि मातीआड करून. त्यासाठी पहिल्या दोन गोण्यांतलाच युरिया बाजूला ठेवला होता. त्या ओळींतला मका बाकीच्यांहून कमी भरला नाही. आबा कणीस सोलून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बारा वळींवरनं काही ठरत नसतं. पुढल्या साली अर्धा एकर घे."

त्या अर्ध्या एकरासाठी उकिरड्यावरचे खत आत्तापासून राखून ठेवले आहे. आजीला हे सारे सांगितले तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले, "म्हंजी शिकूनबी अंगठा उठवायला लागतोच की गं?"

मी म्हटले, "लागतो, आजी. पण आता कशावर उठवतेय ते वाचून उठवते."

येत्या मृगात पुन्हा रांग लागली तर मी जाणारच आहे. फक्त या खेपेला चाचणीची तारीख आधी सरांना विचारून ठेवीन, आणि बाटलीची पावती मागीन.